देवनागरीत रॉक: तरुणांसाठी संगीताचं नियतकालिक डिझाइन करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर उजाडला की उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे मेसेज सुरू होतात. ‘ताई, प्रोजेक्टला रॉक मॅगझिन घेतलंय, वयोगट अठरा ते पंचवीस. काही टिप्स?’ आम्ही चौघांनी पुण्यातून रॉकचं एक छोटं मराठी त्रैमासिक काढलं होतं, त्याचे नऊ अंक मी डिझाइन केले. नववा निघाला आणि पैसे संपले. त्या नऊ अंकांत केलेल्या चुकांवरच ही उत्तरं उभी आहेत. यातलं काही तुमच्या जूरीला पटणार नाही. मार्क गेले तर माझ्याकडे येऊ नका.

सुरुवात मुखपृष्ठापासून करायची ना?

सगळे तिथूनच करतात आणि तिथेच अडकतात. दोन महिने मुखपृष्ठ चालतं, मग आतली ३२ पानं शेवटच्या आठवड्यात उरकली जातात. जूरीला ते पान उलटताक्षणी कळतं.

आधी वाचक ठरवा. ‘तरुण, शहरी, संगीतप्रेमी’ हे वर्णन कुणाचंच नसतं. आमचा वाचक होता एकोणीस वर्षांचा, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा, गाव सातारा, मेसचा डबा खाणारा. गाणी तो फोनवर, कानात इअरफोन घालून, एकटाच ऐकतो. त्याला गाणं माहीत असतं, ते वाजवतंय कोण हे माहीत नसतं. बातम्या त्याला इन्स्टाग्रामवर आपल्या आधी मिळतात, म्हणजे आपल्या अंकात बातम्यांची पानं नकोत. त्याला हवी असते लांबलचक मुलाखत, गिटारच्या कुठल्या पेडलमधून तो आवाज निघतो त्याची माहिती, आणि भिंतीवर चिकटवता येईल असा एक फोटो. एवढं ठरलं की निम्मं डिझाइन आपोआप ठरतं: लांब मजकूर सुखाने वाचता येणारी पानं, मध्यावर सुटून येणारं पोस्टर, आणि सॅकमध्ये दुमडून राहील असा आकार.

मग सर्वांत लांब लेखाची दोन समोरासमोरची पानं लावा. ती जमली की अंकाचा आवाज सापडतो. मुखपृष्ठ सर्वांत शेवटी.

मराठीत रॉकचं मासिक? वाचणार कोण?

हा प्रश्न घरचेही विचारतात. भारतात तरुणांसाठी पॉप आणि रॉकवर लिहिण्याची सुरुवात इंग्रजीतून झाली. कोलकात्याचं ‘ज्युनिअर स्टेट्समन’, म्हणजे सगळ्यांचं ‘जेएस’, १९६७ ते १९७७ चाललं. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ काढलं. मुंबई नाही, बेंगळुरू नाही, अलाहाबाद! पुढे त्याच चमूने ‘ग्रेट इंडियन रॉक’ हा महोत्सव उभा केला. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीत नियतकालिकाची भारतीय आवृत्ती २००८ मध्ये आली. सगळं इंग्रजीत. पण मुंबईत १९८६ पासून रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ला जमणारी किंवा २०१० पासून पुण्यात ‘वीकेंडर’ महोत्सवाला चिखलात उभी राहणारी पोरं आपसात इंग्रजीतच बोलत होती असं कुणी सांगू नये. गाणं इंग्रजी, पण साउंड चेक बिघडल्यावरच्या शिव्या मराठी.

आणि मराठीत हौसेने, पदरमोड करून अंक काढायची खोड जुनी आहे. १९५० च्या दशकात ‘शब्द’ सायक्लोस्टाइल करून काढणाऱ्यांत अरुण कोलटकर होते. ते पोटापाण्यासाठी जाहिरातक्षेत्रात डिझायनर होते, आणि १९७० च्या दशकात त्यांनी इंग्रजी गाणी लिहून रेकॉर्डही करून पाहिली होती. साठच्या दशकातली लघुनियतकालिकं आणि पंक फॅनझिन (चाहत्यांनी स्वतःच काढलेले संगीताचे अंक) यांच्यात मला तरी फारसा फरक दिसत नाही. लंडनमध्ये मार्क पेरी या बँकेतल्या कारकुनाने १९७६ मध्ये ‘स्निफिन ग्लू’ काढलं ते टाइपरायटर, जाड मार्कर आणि फोटोकॉपी मशीनवर. त्याचा पहिला अंक सुमारे ५० प्रतींचा होता. तुमचा ५०० चा असेल तर तुम्ही दसपट श्रीमंत आहात.

नाव कसं ठेवायचं?

उच्चारताना आवाज आला पाहिजे. १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केरँग!’ या ब्रिटिश रॉक नियतकालिकाचं नाव म्हणजे विजेच्या गिटारवर कॉर्ड मारल्यावर येणारा आवाज, दुसरं काही नाही. मराठीकडे अशा शब्दांची ददात नाही: टणत्कार, धडाडा, खणखण, ठिणगी. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून नाव केलं तरी हरकत नाही, पण त्यात जोडाक्षर कमी आणि वेलांट्या-रफार बेताचे असू द्या. नावाची अक्षरं तुम्हाला शंभर ठिकाणी, अगदी बोटाच्या नखाएवढ्या चौकोनातही, वापरायची आहेत.

ही अक्षरं फॉन्टमधून उचलू नका, हाताने काढा. ‘रोलिंग स्टोन’चं १९६७ चं नाव रिक ग्रिफिन या पोस्टरकाराने हाताने काढलेलं होतं, आणि पहिल्या अंकावर गेला तो त्याचा कच्चा आराखडाच. आपल्याकडे कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतली नावं जशी काढली ती एकदा शांतपणे बघा. नाटक विनोदी की रहस्यमय, हे नाव वाचायच्या आधी कळायचं. रॉकची अक्षरं काढायला शिकायचं तर मी आधी ती पाहायला सांगते, कवट्यांचे फॉन्ट नंतर.

मेटलसारखे काटेरी, तुटके देवनागरी फॉन्ट कुठे मिळतील?

सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

रोमन अक्षरांवर ओरखडे काढले, कडा कुरतडल्या, तरी अक्षर ओळखू येतं. देवनागरीत तसं नाही. ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यातला फरक मुख्यतः शिरोरेषेत आहे: एकाची रेघ अखंड, दुसऱ्याची डावीकडे तुटलेली. तुम्ही गंजलेलं टेक्श्चर टाकता तेव्हा आधी उडते ती नेमकी शिरोरेषा.

आमच्या दुसऱ्या अंकात एका मेटल बँडच्या मुलाखतीला ‘घणाघात’ असं दणदणीत शीर्षक होतं. मी त्यावर रात्रभर गंज चढवला. स्क्रीनवर भारी दिसत होतं, कारण मला शब्द आधीच माहीत होता. छापून आल्यावर दोन्ही ‘घ’ फुटले होते. ड्रमरने अंक हातात घेतला आणि विचारलं, ‘धणाधात म्हणजे काय, धण्याची फोडणी?’ तेव्हापासून नियम एकच: तोडफोड अक्षराच्या खालच्या अर्ध्यात करायची. दंडाची टोकं उखडा, पोटात चिरा पाडा, काना बाणासारखा खाली ओढा. शिरोरेषेला हात लावायचा असेल तर तिची जाडी बदला, तिला वाकवा, पण अखंड ठेवा.

उलट शिरोरेषा हीच तुमची खरी मिळकत आहे. पंकमधली कात्रणांची अक्षरं, म्हणजे जेमी रीडने १९७७ मध्ये ‘सेक्स पिस्टल्स’ या बँडसाठी वापरली तशी, मराठीत करायला बसलात तर लगेच कळेल. वर्तमानपत्रातून ‘स्वातंत्र्य’ कापा. स्वा, तं, त्र्य, तीनच तुकडे. प्रत्येक तुकडा वेगळ्या उंचीवर चिकटवला की डोळा रेघ शोधत राहतो आणि शब्द सुटा पडतो. आम्ही मग केबल बांधायची काळी इन्सुलेशन टेप घेतली आणि तीन तुकड्यांच्या डोक्यावरून एका दमात ओढली. थोडी तिरकी, शेवटी फाटलेली, मधे एक बुडबुडा राहिलेली. स्कॅन केलं. आमच्या नऊ अंकांतलं सर्वांत रॉक दिसणारं पान तेच होतं, आणि खर्च टेपच्या एका रोलचा.

तयार फॉन्ट हवाच असेल तर ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा ‘मोदक’ पाहा. तो नावासारखाच गोलमटोल, पण प्रचंड मोठा करून पानाबाहेर कापला की अंगावर येतो. ‘बलू’ही आहे. दोन्ही मुक्त परवान्याचे, म्हणजे पैशाचा आणि चोरीचा प्रश्न नाही.

नावांवर उमलाउटसारखं (अक्षरावरच्या दोन ठिपक्यांसारखं) काही टाकता येईल का?

‘मोटरहेड’ या बँडच्या नावातल्या ‘ओ’वरचे दोन ठिपके देवनागरीत येताना गळतात, म्हणून काहीजण हौसेने अर्धचंद्र टाकतात. त्या ठिपक्यांचा उच्चाराशी संबंध नव्हता, ते निव्वळ दाढी-मिशा होते. आपला अर्धचंद्र मात्र उच्चार बदलतो. ‘मॉटर’ लिहिलंत तर वाचक ‘मॉटर’च वाचणार. नको.

लेखांच्या मजकुराला कोणता फॉन्ट, किती साइज, किती कॉलम?

मजकूर गप्प असावा. शीर्षक ओरडतंय, फोटो ओरडतोय, मजकुरानेही ओरडायला सुरुवात केली की वाचक अंक मिटतो. मी ‘मुक्ता’ वापरला, शेवटच्या दोन अंकांत ‘तिरो देवनागरी मराठी’. साडेदहा ते अकरा पॉइंट, ओळींचं अंतर सोळा. इंग्रजीची सवय असलेले तेरा ठेवतात आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो.

तीन कॉलम करू नका. मराठी शब्दाला प्रत्यय चिकटतात. ‘गिटारवादकांबरोबरच्या’ हा एक शब्द अरुंद कॉलममध्ये एकटाच ओळ अडवून बसतो, आणि दोन्हीकडून ओळी जुळवल्या तर मधे खड्डे पडतात. दोन कॉलम, डावीकडून सरळ, उजवीकडे मोकळं.

सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाचा कंपोझर ‘वर्ल्ड-रेडी’ आहे ना आणि भाषा ‘मराठी’ निवडलीय ना, एवढं तपासा. पहिलं चुकलं तर वेलांट्या भलत्या जागी जातात. दुसरं चुकलं तर अनेक फॉन्टांत हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात. आपल्याला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हवा. ‘लेड झेपलिन’ लिहून बघा, फरक लगेच दिसेल.

डेव्हिड कार्सनसारखं वाचता न येणारं डिझाइन केलं तर? सर म्हणाले ते क्रांतिकारी होतं.

होतं. ‘रे गन’ हे संगीत मासिक १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालं आणि त्याचा डिझायनर कार्सनने त्यात कॉलम एकमेकांवर चढवले, ओळी कापल्या, पानांचे क्रमांक मथळ्यांएवढे केले. गायक ब्रायन फेरीची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून त्याने ती सगळी ‘झॅफ डिंगबॅट्स’ या चिन्हांच्या फॉन्टमध्ये लावली, हा किस्सा तुमच्या सरांनी सांगितला असेलच.

पण त्या वाचकाकडे इंग्रजीत वाचण्यासारखी आणखी डझनभर संगीत मासिकं होती. एक मुलाखत वाचता आली नाही तर बिघडत नव्हतं. मराठीत त्या बँडबद्दल लिहिलेला हा कदाचित एकमेव लेख असेल. तो चिन्हांत छापणं म्हणजे उपाशी माणसाला ताटातली रांगोळी दाखवणं. वाट्टेल तो धिंगाणा एका पानावर घाला, अंकात दोनदा घाला, आणि बाकीची पानं वाचू द्या. धिंगाण्याआधीची चार पानं जितकी शांत, तितका तो मोठा वाटतो. आम्ही सहाव्या अंकात एक पूर्ण पान कोरं सोडलं होतं, समोरच्या पानावर फक्त एका तुटलेल्या तारेचा फोटो. वर्गणीदारांनी छपाईची चूक समजून फोन केले.

रंग काळा-लाल-पांढराच ना?

चालेल, पण ते सगळेच करतात. मी विद्यार्थ्यांना दोन रंगांत अंक करून बघायला सांगते: काळा आणि एक ठसठशीत खास शाई, हळदीपिवळी किंवा रस्त्याच्या कामगारांच्या जाकिटासारखी नारिंगी. चार रंगांपेक्षा स्वस्त पडतं आणि ओळख पटकन बसते.

काळ्याची गंमत मात्र प्रेसमध्ये कळते. आमच्या पहिल्या अंकाची चार पानं पूर्ण काळी, त्यावर पांढरी बारीक अक्षरं. मी काळा म्हणून फक्त काळ्या शाईचं शंभर टक्के दिलं. लेप न चढवलेल्या मॅपलिथो कागदाने शाई पिऊन टाकली आणि पान निघालं पाटीवरच्या पुसलेल्या खडूसारखं करडं. प्रेसच्या काकांनी अंगठा फिरवून म्हटलं, ‘हा काळा उपाशी आहे, पोरी.’ मोठ्या काळ्या पट्ट्याखाली चाळीसेक टक्के निळा घालायचा असतो. दुसऱ्या अंकात मी चारही शाया शंभर टक्के घातल्या, तर पानं एकमेकांना चिकटली. मॅपलिथोवर चारही रंगांची बेरीज २६०-२८० टक्क्यांच्या आत ठेवा. आणि मजकुराचं अक्षर मात्र नेहमी फक्त काळ्या शाईत, नाहीतर रजिस्टर, म्हणजे शाया एकावर एक बसण्याची जागा, केसभर हललं की प्रत्येक मात्रेला रंगीत सावली येते.

काळ्यावर पांढरा मजकूर हवाच असेल तर वजन एक पायरी जाड, साइज एक पॉइंट मोठी. ‘छ’, ‘ठ’, ‘थ’ यांची पोटं शाईने भरतात.

गिगचे (बँडच्या कार्यक्रमांचे) फोटो नेहमी लालभडक आणि अंधारे येतात. काय करू?

आजकालचे एलईडी दिवे शुद्ध लाल फेकतात. कॅमेऱ्यात लाल चॅनेल जळून सपाट होतो, चेहरा म्हणजे नुसता टोमॅटो. छापल्यावर आणखी वाईट. अशा वेळी फोटो एडिटरमध्ये चॅनेल एकेक उघडून बघा. हिरव्या चॅनेलमध्ये नाक, डोळे, घाम, सगळं शिल्लक असतं. फक्त तेवढा घेऊन कृष्णधवल करा. दाणे दिसतील. दिसू द्या. मॅपलिथोवर ते दाणे शोभतात.

मोठ्या कार्यक्रमांत फोटोग्राफरना बहुधा पहिली तीन गाणीच स्टेजसमोर उभं राहू देतात, तेही फ्लॅशविना. त्यामुळे सगळ्यांचे फोटो सारखेच येतात: माइक, उघडं तोंड, मिटलेले डोळे. मला जास्त उपयोगी पडले ते आधीचे आणि नंतरचे. टेम्पोतून अँप उतरवताना, वडापाव खाताना, तार बदलताना. एका बेसवादकाच्या बोटांचा क्लोजअप आम्ही पूर्ण पानभर छापला होता, टोकांवरचे घट्टे आणि एका नखाखाली वंगण. त्याच्या आईने त्या अंकाच्या सहा प्रती घेतल्या.

मुखपृष्ठावर किती मथळे?

स्टॉलवर विकायचा असेल तर तीन-चार, आणि नाव वरच्या भागात, कारण खालचा भाग दुसऱ्या अंकांनी झाकला जातो. गिगच्या टेबलावर किंवा फोनवर विकायचा असेल तर एकही नसला तरी चालतो. ‘रोलिंग स्टोन’चं २२ जानेवारी १९८१ चं मुखपृष्ठ आठवा: अ‍ॅनी लिबोविट्झचा लेनन आणि योको ओनोचा फोटो, लेननच्या हत्येच्याच दिवशी काढलेला. वर मासिकाचं नाव, मथळा एकही नाही. तेवढा ताकदीचा फोटो नसेल तर मथळे टाका बापडे. मुखपृष्ठ दोन सेंटिमीटर रुंद करून फोनवर बघा. चेहरा आणि नाव कळलं तर पास.

आकार आणि पानं किती ठेवू?

ए-फोर सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, कारण घरच्या प्रिंटरमध्ये तोच कागद असतो. प्रेसमधला कागद वेगळ्या मापाचा. २० बाय ३० इंची कागदाला तीन घड्या घातल्या की साडेसात बाय दहाची आठ पानं, म्हणजे सोळा पृष्ठांचा एक फर्मा. बऱ्याच दिवाळी अंकांचा आकार साधारण हाच, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्याच कागदातून ए-फोरची चारच पानं निघतात आणि तिसऱ्या हिश्शाहून जास्त कागद कातरणात जातो. पैसे तुम्ही पूर्ण कागदाचे देता.

म्हणून ३२ पृष्ठं किंवा ४८, सोळाच्या पटीत, वर वेगळं जाड मुखपृष्ठ. बांधणी सेंटर पिनची: अंक सपाट उघडतो, मधलं पोस्टर पिना उचकटून काढता येतं. चिकटबांधणी दिसते रुबाबदार, पण मधल्या खाचेत सेंटिमीटरभर पान गडप होतं. आम्ही एकदा गायिकेचा चेहरा बरोब्बर मधोमध ठेवला होता, तिचं नाक आजही त्या खाचेत आहे.

लोगो, गाण्यांचे बोल, इंटरनेटवरचे फोटो वापरले तर चालतं का?

कॉलेजच्या फाइलपुरतं कुणी विचारत नाही. छापून विकणार असाल तर विचारतील. फोटोचा हक्क सहसा काढणाऱ्याचा. पैसे देऊन तुम्ही काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर तो तुमचा. भारतात फोटोवरचा हक्क तो प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं टिकतो. परीक्षणाच्या ओघात गाण्याची एखादी ओळ देणं निराळं, आणि पूर्ण गाणं चौकटीत सजवून छापणं निराळं. स्थानिक बँडना फोटोबद्दल विचारलंत तर ते आनंदाने देतात. फक्त फोटोग्राफरचं नाव फोटोशेजारीच छापा, शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात नको.

एआयकडून चित्रं करून घेऊ का?

नका घेऊ. तुमचा वाचक गिटार वाजवतो. सात खुंट्या आणि पाच तारांची गिटार तो एका नजरेत पकडेल, आणि पुढचा अंक घेणार नाही.

नोंदणी लागते का?

प्रकल्पाला नाही. नियमित कालांतराने सार्वजनिक घडामोडी किंवा त्यांवरचं भाष्य छापून काढणार असाल तर लागते. १८६७ चा जुना कायदा गेला. २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे. शीर्षकाची पडताळणी आणि नोंदणी, दोन्ही प्रेस रजिस्ट्रार जनरलकडे ऑनलाइन होतात. नाव मंजूर व्हायच्या आधी टी-शर्ट छापू नका. (आम्ही छापले होते. आईने त्यांची पायपुसणी केली.)

छापायचं कशाला? पीडीएफ पुरे नाही का?

तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. १९५२ पासून चाललेल्या ‘एनएमई’ या ब्रिटिश संगीत नियतकालिकाचा छापील साप्ताहिक अंक २०१८ मध्ये थांबला, तिथलंच ‘क्यू’ २०२० मध्ये बंद पडलं. ‘केरँग!’ही २०२० मध्ये साप्ताहिक म्हणून थांबलं, नंतर त्रैमासिक होऊन परतलं. साप्ताहिक बातम्यांचं काम फोनने काढून घेतलं ते घेतलंच. पण गिगनंतर कानात शिट्टी वाजत असताना कुणी पीडीएफ विकत घेत नाही. तेव्हा लोकांना हातात काहीतरी हवं असतं, टी-शर्ट किंवा अंक, आणि अंक टी-शर्टपेक्षा बराच स्वस्त. गाणी ऐकवायला पानाच्या कोपऱ्यात क्यूआर कोड द्या. निदान दोन सेंटिमीटरचा, गडद रंगात, फिक्या जागेवर. काळ्यावर पांढरा उलटा कोड कित्येक फोन वाचत नाहीत.

जाहिराती डिझाइन बिघडवतात. काय करावं?

गिटारच्या दुकानाची जाहिरात या वाचकासाठी मजकूरच असतो, तो किमती वाचतो. क्लासवाल्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली धूसर जाहिरात आली तर ती आपणच नव्याने लावून द्यायची, फुकट. मलपृष्ठ ज्याला विकाल त्याच्यावर छपाईचा मोठा भार टाका.

प्रेसला फाइल देताना काय विसरतं?

चारही बाजूंनी तीन मिलिमीटर जादा रंग. फोटो ३०० डीपीआय. फॉन्ट पीडीएफमध्ये अंतर्भूत. जुन्या प्रेसमध्ये ‘आमच्या फॉन्टमध्ये बदलून घेतो’ असं म्हणतात, ते हात जोडून थांबवा. त्या बदलात ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, रफार उडतात आणि ‘ऑ’चं काहीही होतं. छापलेला पहिला कागद बघायला स्वतः जा, सकाळी सातला बोलावलं तरी. आणि घरून एक गोष्ट करून जा: सगळ्या बँडची, सगळ्या माणसांची नावं त्यांनी स्वतः लिहून दिल्याप्रमाणे एका कागदावर. कागदावर टिक करत करत अंक तपासा. ‘चौथा अंक’ म्हटलं की आमच्या टोळीत अजून शांतता पसरते, कारण त्यात मुखपृष्ठावरच्या गायकाचं आडनाव चुकलं होतं.

अंक उरले तर?

उरतात. आमच्याकडे पाचव्या अंकाच्या ११० प्रती होत्या. नंतरच्या प्रत्येक गिगला स्टेजच्या कडेला दहा-दहा ठेवल्या. बहुतेक गेल्या, काही पावसात भिजल्या, आणि दोन अजून एका ड्रमरच्या किक ड्रममध्ये उशीखाली दाबलेल्या आहेत. आवाज घुमू नये म्हणून. तो म्हणतो, ८० जीएसएम मॅपलिथो त्यासाठी उत्तम.